दारावरची वल्ही

एनॉक ग्रीनलीफबद्दल माझी तक्रार एकच आहे, पण ती बारीकसारीक नाही. तो माणूस बोलत नाही.

मुका आहे असं नाही. बांधावर उभं राहून त्याने हाक मारली तर खाडीपलीकडची बदकं उडतात. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीच्या दारांशी तो बोलतो, माझ्या मांजराशी बोलतो, एकदा तर बादलीतल्या वाम माशाची समजूत घालताना मी त्याला धरला होता. पण समोर बाईमाणूस बसलं की तोंडाला कुलूप. 'पाऊस उघडेलसं दिसतंय' आणि 'वारा फिरलाय' या दोन वाक्यांवर हा माणूस अख्खं जेवण काढतो. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. चौदा महिने.

पोरींनो, तुम्हाला न बोलणारे पुरुष आवडतात, मला ठाऊक आहे. तुमच्या मासिकांत तसेच असतात ते. ओठ मिटलेले, नजर दूर कुठेतरी, आणि मनात म्हणे समुद्र उसळतोय. उसळत असेल बापडा. पण मंगळवारी दुपारी बटाटे सोलणाऱ्या बाईला त्यातलं काय कळणार? तिला कळतं एवढंच, की हा माणूस आला, जेवला, गेला.

मी किझाया मसेट. मार्लसीच्या खाडीवर जन्मले, दहाव्या वर्षी शाळा सोडून कालवं फोडायला बसले, आणि त्या सुरीने उजव्या हाताचा अंगठा कायमचा ताठ करून घेतला. वॉल्टर मसेटशी लग्न केलं, तीन मुलगे वाढवले, वॉल्टर गेला. या गोष्टीच्या वेळी मी सत्तावन्न वर्षांची होते, आणि धाकटा सिड व त्याची बायको ऑलिव्ह शेजारच्या दारात राहत होते. माझा शब्द दोन्ही घरांत चालायचा. तिसरं घर असतं तर तिथेही चालला असता.

त्या मोठ्या पुराने आमचा बांध सात ठिकाणी फोडला, तेव्हा दुरुस्तीला बाहेरगावची माणसं आली. एनॉक त्यांतला. उंच, पाठीत किंचित वाकलेला, कानावर केस पिकलेले, नॉरफोककडचा, बायको जाऊन वर्षं झालेली. मी एका सकाळी बांधावरून चालले होते, तर ही मंडळी उघाडीची तळफळी उलटी बसवत होती. मी थांबले आणि त्यांना सांगितलं, की अशी बसवलीत तर पहिल्याच उधाणात माझी कोबी खाऱ्या पाण्यात पोहेल. मुकादम हसला. बाकीचे हसले. एकटा हा उंच माणूस माझ्याकडे बघत राहिला – डोळे राखाडी, आमच्या खाडीच्या पाण्यासारखे... मग तो गुडघाभर चिखलात उतरला, फळी उपसली, आणि मी सांगितली तशी बसवली. एक शब्द नाही. टोपीला नुसतं बोट लावलं.

एखाद्या पुरुषाने मला हुज्जत न घालता बरोबर ठरवलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. त्या रात्री मी मिठाऐवजी साखर घालून रस्सा केला. ऑलिव्हने मुकाट्याने खाल्ला, पण माझ्याकडे बघत खाल्ला.

बांधाची माणसं गेली, उघाडी सांभाळायला हा राहिला. दुपारचं जेवण माझ्याकडे घेऊ लागला. कधी वाम आणायचा, कधी खाजणातली खारी भाजी. टेबलाच्या त्या टोकाला बसायचा. मी वाढताना वर बघायचा, मी बघितलं की खाली बघायचा. आणि मग – पाऊस उघडेल.

आता वल्ह्यांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या गावात होडी कोणी साखळीने बांधत नाही. होडी धक्क्यावर पडून असते आणि वल्ही घरी आणतात. घरच्या पुरुषाची वल्ही स्वयंपाकघराच्या दाराच्या वर, आतल्या बाजूने, भिंतीतल्या दोन लाकडी खुंट्यांवर आडवी राहतात. बाईची वल्ही तिथे जात नाहीत, ती धुण्याच्या खोपीत, झाडूशेजारी. का ते मला विचारू नका, नियम बायकांनी केलेला नाही. तर एखाद्याला एखादीशी घर मांडायचं असलं की तो तिच्याकडे जातो, आपली वल्ही त्या खुंट्यांवर ठेवतो आणि निघून जातो. आमच्याकडचे पुरुष बोलण्यात पहिल्यापासून मागेच, म्हणून ही सोय. बाईला नको असेल तर तिने दुसऱ्या दिवशी ती वल्ही बाहेर कुंपणाला टेकवायची. मुदत दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीची – धक्क्याजवळचा काळा खांब उघडा पडेपर्यंत. खांब उघडा पडला आणि वल्ही आतच राहिली, तर झालं. मग कोणी काही विचारत नाही, पाद्र्याला निरोप जातो.

वॉल्टर गेला त्या दिवशी मी त्याची वल्ही उतरवून सिडला दिली. माझ्या खुंट्या बारा वर्षं रिकाम्या होत्या. मी त्यांवर कांद्याची माळसुद्धा टांगली नाही.

तर तो जूनमधला मंगळवार. सकाळपासून बारीक, तिरपा पाऊस. ऑलिव्ह माझ्याकडे शेंगा सोलत बसली होती. बारा वाजता दार उघडलं आणि एनॉक आत आला. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकतंय आणि खांद्यावर नवी कोरी वल्ही, पांढऱ्या लाकडाची, अजून तेलाचा वास येणारी. त्याने वळून दार लावलं. वर बघितलं. आणि ती वल्ही माझ्या खुंट्यांवर ठेवली. मग खुर्ची ओढून जेवायला बसला.

ऑलिव्हच्या हातातली शेंग हातातच राहिली.

मी वाढलं. तो जेवला. दोनदा रस्सा घेतला. माझं मांजर त्याच्या पायाशी आलं, तर त्याला सांगू लागला की सोमवारी निघायचंय बाबा, वर उत्तरेला नवा बांध घालतायत, तिथे बोलावलंय. मांजराला सांगितलं हे. मी तीन फुटांवर उभी, हातात पळी. मग उठला, टोपी घातली, माझ्याकडे बघून म्हणाला की पाऊस उघडेलसं दिसतंय... आणि गेला. वल्ही वरच.

चहाच्या वेळेपर्यंत गावातल्या कुत्र्यालाही कळलं होतं. ऑलिव्हचं तोंड आणि चर्चची घंटा, दोन्हींतलं कुठलं लांब ऐकू जातं यावर आमच्याकडे दुमत आहे.

आता माझी पंचाईत बघा. हा माणूस नॉरफोकचा. त्याला आमची रीत ठाऊक असेल तर त्याने मला मागणी घातली होती. ठाऊक नसेल तर त्याने ओली लाकडं कुठेतरी टेकवली होती. यातलं नेमकं काय, ते विचारायचं कसं? 'अहो ग्रीनलीफ, तुम्ही माझ्याशी लग्न करताय की वल्ही वाळत घालताय?' आणि तो म्हणाला असता, की वाळत घालतोय, तर मी मरेपर्यंत मार्लसीत मान वर करून चालू शकले नसते. विचारलं नाही आणि वल्ही बाहेर काढली, तर सोमवारी तो उत्तरेला. विचारलं नाही आणि आत ठेवली, आणि त्याला काही माहीतच नसलं... नको. त्या रात्री मी उशी चार वेळा उलटी केली.

पहाटे उठून मी ती वल्ही खाली उतरवली. बाहेर ठेवायलाच उतरवली होती, खोटं कशाला बोलू. पण हातात घेतली आणि मला रागच आला. इतकी हलकी, इतकी आखूड, मूठ तर काटकीसारखी बारीक. असल्या काड्यांनी हा ताडमाड माणूस खाडी कशी ओलांडणार? माझा ताठ अंगठासुद्धा त्या मुठीभोवती पुरता फिरत होता. माझ्या स्वतःच्या वल्ह्यांवर तो कधी फिरला नाही, चाळीस वर्षं मी चार बोटांनीच वल्हवत आलेय. एवढं सगळं माझ्या हाताला कळलं, पोरींनो, आणि डोक्याला कळलं नाही. मी ती पुन्हा वर ठेवली. म्हटलं, आधी त्याला गाठते. थेट विचारायचं नाही, पण काढून घ्यायचं. मुदत दुपारपर्यंत आहे.

थोरल्या बहिणीकडे अंडी पोचवायचं निमित्त केलं. ती खाडीच्या वरच्या टोकाला राहते. टोपली घेऊन धक्क्यावर गेले तर हा माझ्याच होडीत वाकून बसलेला, डब्याने पावसाचं पाणी उपसतोय.

मी विचारलं की हे काय. तर म्हणाला, पाऊस पडला होता ना. नेहमीच्यासारखं.

नेहमीच्यासारखं. चौदा महिने प्रत्येक पावसानंतर माझी होडी मला कोरडी मिळत होती, आणि चौदा महिने मी सिडला त्याबद्दल शाबासकी देत होते. आणि माझं पोटचं पोर ती शाबासकी घेत होतं.

मी आत चढले, टोपली मांडीवर घेतली, म्हटलं वरच्या टोकाला सोडा. त्याने पायाने धक्क्याला रेटा दिला. भरती जोरात चढत होती, उधाणाचं पाणी. भरतीला वर जायला काही करावं लागत नाही, पाणीच नेतं. मी मागे सुकाणापाशी, तो मध्ये, माझ्याकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर. ऊन पडलं होतं. तेवढं त्याचं खरं ठरलं होतं.

"सोमवारी जाताय म्हणे," मी म्हणाले.

"मांजराने सांगितलं?"

"माझ्या घरी तेच काय ते बोलतं. बाकीचे जेवून जातात."

त्याचे कान लाल झाले. साठीच्या माणसाचे कान इतके लाल होतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम बघत राहिले.

"तिकडचा बांध लांबलचक आहे," तो म्हणाला.

"असेल. तिकडची बायकामाणसं तळफळी कशी बसवायची ते सांगतात का?"

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि जरा थांबून... "म्हणूनच बांध फुटतात."

आता हे बरं वाक्य होतं, पोरींनो. मी सुकाण सोडून पुढच्या वाक्याची वाट बघितली. त्याने तोंड उघडलं. काठावर एक बगळा उभा होता, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाला की वारा फिरलाय. मी टोपलीतलं अंडं हातात घेतलं होतं. बहिणीसाठी मोजून आणली नसती तर त्याच्या कपाळावर फोडलं असतं.

मग मी त्याला सुनावायला सुरुवात केली. वल्ह्यांबद्दल नाही, बाकी सगळ्याबद्दल. टोपी आतल्या खुर्चीवर ठेवण्याबद्दल, माशाशी बोलण्याबद्दल, आलेल्या पत्रांबद्दल मांजराला आधी कळण्याबद्दल. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खाडी अरुंद झाली, पाणी चढायचं थांबलं, गवताच्या कडेला फेस गोल फिरू लागला. भरती संपली होती आणि होडी डाव्या अंगाला, चिखलाकडे सरकत होती.

"बोलता बोलता वेळ गेला," मी म्हणाले. "वल्ही घाला आता, उजवीकडे घ्या."

तो जागचा हलला नाही.

"वल्ही, ग्रीनलीफ."

"मला वाटलं तुम्ही आणाल," तो म्हणाला.

"मी कशाला आणू? होडीत तुम्ही बसलेला होतात. मग वल्ही कुठायत?"

"तुमच्या भिंतीवर."

आमच्याकडे कोणाचं सगळंच बुडालं, सुटकेची वाट उरली नाही, की म्हणतात – गेला वल्ह्याविना खाडीत. दारूत घर घालवलेल्या माझ्या दिराला मी हे म्हटलंय. एकाच वेळी दोघींना शब्द देऊन बसलेल्या वाण्याच्या मुलाला म्हटलंय. आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलंय. आणि आता मी, किझाया मसेट, जिने चाळीस वर्षांत वल्ह्यांशिवाय धक्क्याची पायरी उतरली नव्हती, खरोखरच्या खाडीत खरोखर वल्ह्याविना बसले होते, आणि मांडीवर दोन डझन अंडी. का विसरले? कारण सकाळपासून डोक्यात दुसरीच वल्ही होती.

मी तळातली फळी उचकटली आणि चिखलात रोवून रेटा दिला. फळी तिथेच राहिली. होडीही तिथेच राहिली. ओहोटी लागली, आणि या खाडीतली ओहोटी आळशी नसते. बघता बघता पाणी गेलं आणि आम्ही काळ्या, चकचकीत चिखलावर कलंडून बसलो, बांधापासून शंभर पावलांवर. पाय ठेवला तर मांडीपर्यंत जाईल असा चिखल. त्यात ते उधाणाचं पाणी. उद्यापासून भरती रोज खाली खाली येणार, म्हणजे माझी होडी पंधरा दिवस इथून हलायची नाही.

पण मला होडीची काळजी नव्हती. मला दिसत होता तो काळा खांब. तिकडे धक्क्यापाशी पाणी उतरत होतं, खांब उघडा पडणार होता, वल्ही माझ्या दारावर होती, आणि मी इथे. मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, आणि ओहोटी माझ्या वतीने उत्तर देणार होती. माझ्या वतीने उत्तर दिलेलं मी वॉल्टरलाही खपवून घेतलं नाही.

तासभर मी गप्प बसले. राग आला की मी बोलते. फार राग आला की गप्प बसते, हे फार थोड्या लोकांनी बघितलंय. ऊन चढलं. एनॉकने आपली टोपी काढून माझ्या बाकावर ठेवली, मी घालावी म्हणून. मी घातली नाही. मग थोड्या वेळाने घातली. त्याने खिशातून पाव, चीज आणि आंबवलेला कांदा काढला, सुरीने दोन भाग केले, मोठा माझ्याकडे सरकवला. आमची बोटं एकमेकांना लागली. त्याने हात मागे घेतला नाही. मीही घेतला नाही... मग कांदा घरंगळला, म्हणून घ्यावा लागला.

"मी बघितलं होतं," तो अचानक म्हणाला.

"काय?"

"होडीत वल्ही नाहीत ते. धक्क्यावरून सुटलो तेव्हाच."

मी टोपी वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. विचारलं, की मग तोंडाला काय झालं होतं.

"तुम्ही टोपली ठेवून घरी गेला असतात," तो म्हणाला. "मला बोलायचं होतं. घरी ऑलिव्ह असते, सिड असतो. इथे कोणी नसतं."

"आणि बोलायचं म्हणून तुम्ही बगळ्याकडे बघत बसलात?"

"सुरुवात जमत नव्हती."

पोरींनो, बाईला असं रागवावं की नाही, ते तुम्हीच सांगा. माणसाने माझी होडी घालवली, दिवस घालवला, मला चिखलात आणून बसवली, सगळं बोलण्यासाठी. आणि मग बोलला नाही.

इतक्यात बांधावर माणसं दिसली. आधी सिड. बहिणीकडे अंडी पोचली नाहीत म्हणून शोधायला निघाला असावा. त्याने आम्हाला बघितलं आणि पोट धरून खाली बसला. मग ऑलिव्ह. मग एकेक करून अकरा माणसं, त्यांत चर्चमध्ये पेटी वाजवणारी ती मिस टिपल, जिचं माझ्याशी नऊ वर्षं वाकडं आहे. कोणीतरी ओरडलंच, की मसेटबाई, वल्ह्याविना खाडीत का. मी त्याचा आवाज ओळखला आहे. तो अजून फेडतोय.

सिडने हाका मारून सांगितलं, की पायांना फळ्या बांधून चिखलावरून येतो, पण पाणी पुरतं उतरू दे, थोडा वेळ लागेल. आणि मग ऑलिव्ह पुढे आली. बांधाच्या उंचीवरून तिला धक्का दिसत होता. दोन्ही हात तोंडाभोवती धरून, खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं विचारलं तिने.

"आई, काळ्या खांबाचं डोकं दिसायला लागलंय. वल्ही आतच आहेत. मी पळत जाऊन बाहेर काढू, का राहू देत?"

बांधावरचे सगळे कडेला सरकले. मिस टिपलने तर मान पुढे काढली.

शंभर पावलं चिखल, अकरा माणसं, आणि उत्तर ओरडून द्यायचं. मी एनॉककडे वळले. आता मान, अपमान, काही उरलं नव्हतं, सगळं चिखलात होतं.

"ऐकलंत ना?" मी म्हणाले. "आमच्याकडे त्या खुंट्यांचा अर्थ काय होतो, तुम्हाला माहीत आहे का?"

"माहीत आहे. ऑलिव्हनेच सांगितलं, गेल्या वर्षी."

"आणि तरी काल वल्ही ठेवून पाऊस उघडेल म्हणालात?"

त्याने हात गुडघ्यांवरून उचलले, पुन्हा ठेवले. मग बोलायला लागला. हळू बोलला, थांबत थांबत बोलला, पण माझ्याकडे बघून बोलला. बगळ्याकडे नाही.

"ती माझी वल्ही नाहीत, मसेटबाई. मला ती फार आखूड आहेत. तुमच्या मापाची केलीयत. तुमचा अंगठा... मी बघत असतो, तुम्ही चार बोटांनी धरता. म्हणून मूठ बारीक तासली. तीन वेळा तासली." तो थांबला. मला वाटलं संपलं. "इथे माणूस आपली वल्ही तुमच्या दारावर ठेवतो, म्हणजे मग घर त्याचं होतं. ते मला पटलं नाही. घर तुमचं आहे. त्या खुंट्यांवर तुमचीच वल्ही पाहिजेत. माझी खोपीत चालतील, झाडूशेजारी. तुम्ही हो म्हणालात तर. नाही म्हणालात तरी ती वल्ही तुमचीच, मी सोमवारी जाईन." आणि मग अगदी खालच्या आवाजात, जन्मात पहिल्यांदा – "किझी."

पोरींनो, मी त्याची टोपी डोळ्यांवर ओढली.

सिड अजून सांगतो, की बांधावरचे सगळे घाबरले, त्यांना वाटलं आईला ऊन लागलं. मी त्याच्या टोपीच्या सावलीत बसले होते आणि माझा अंगठा, तो ताठ, निकामी अंगठा, पहाटे त्या मुठीभोवती कसा सहज फिरला होता तेवढंच आठवत होते. तीन वेळा तासली. बारा वर्षांच्या रिकाम्या खुंट्या, आणि त्यांवर त्याने मलाच ठेवलं होतं.

ऑलिव्हने पुन्हा हाक मारली, की आई, काय करू. खांब गुडघाभर उघडा पडलाय.

मी उभी राहिले. होडी कलली, अंडी घरंगळली, दोन फुटली. एनॉकने मला धरायला हात पुढे केला आणि मी तो धरला, घट्ट, पाचही बोटांनी जमेल तसा. ऑलिव्हकडे बघितलंही नाही. पण आवाज एवढा लावला, की बांधावर पहिल्या ओळीतल्या आणि मागच्या ओळीतल्या, सगळ्यांना एकदाच कळावं आणि मला पुन्हा सांगत बसावं लागू नये.

"एनॉक ग्रीनलीफ, तू चौदा महिने फुकट घालवलेस, माझी होडी पंधरा दिवस घालवलीस आणि आता दोन अंडीही घालवलीस. वल्ही आहेत तिथेच राहतील. तुझी आज संध्याकाळी खोपीत आणून ठेव, आणि उत्तरेला कळव की तिकडचा बांध त्यांचा त्यांनी बघावा. आणि आजपासून तुला जे काही सांगायचं असेल ते आधी मला सांगायचं, मग मांजराला."